स्वेटरखालची गादी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे एका माणसाला सांगितलं, तेही गेल्या महिन्यात, आणि ते ज्याला फार आधी सांगायला हवं होतं त्यालाच. बाकी बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — असं लिहिणार होतो, पण तेही खरं नाही. आता पोटात राहत नाही, एवढंच.

लकडगंजात माझं सीटकव्हरचं दुकान आहे. गाड्यांच्या सीटा, सोफ्याच्या गाद्या, दवाखान्यातली बाकं. माणसाला बसायला किती मऊ लागतं, या एका गोष्टीवर माझं घर चालतं. हे जरा लक्षात ठेवा.

नाद मात्र पक्ष्यांचा. आम्ही चार-पाच मित्र हिवाळ्यात दर रविवारी पारशिवनीच्या पुढे एका ओळखीच्या शेतावर जायचो. तिथे नाल्याकाठी जुने अर्जुन आहेत, आणि त्यातल्या एकावर मोरघार घरटं करते. मोरघार म्हणजे डोक्यावर शेंडी मिरवणारा मोठा शिकारी पक्षी. खालून बघाल तर घरटं म्हणजे काटक्यांचा नुसता ढीग. आतलं पिल्लू बघायचं तर समोर, अंतर राखून, दुसऱ्या झाडावर तितक्याच उंचीवर बसावं लागतं.

त्याचा उपाय मला मोबाइलवर सापडला. परदेशातले शिकारी हरणांसाठी झाडावर चढतात ना, ते कमरेला आणि मांड्यांखाली एक पट्टा गुंडाळतात, दोराने स्वतःला खोडाशी बांधतात आणि तासन्‌तास हवेत बसून राहतात. आम्हाला शिकार करायची नव्हती, बसायचं मात्र तसंच होतं. मी तसा पट्टा शिवला. आम्ही त्याला खोगीर म्हणायला लागलो. त्या शिकाऱ्यांचा एकच वाद चाललेला असतो — पट्टा रुंद आणि गादीचा केला तर बसायला सुख, पण पाठीवर ओझं. अरुंद केला तर ओझं कमी, पण मांड्या बोलतात. मी हा वाद इथे आणला आणि स्वतःच न्यायाधीश झालो. हलकं तेच खरं, असा निकालही देऊन टाकला.

शेतापासून नाल्यापर्यंत बरंच चालावं लागायचं. म्हणून मी एक नियम काढला. निघण्याआधी प्रत्येकाची बॅग शेतातल्या निंबाला लटकवलेल्या ताणकाट्यावर चढवायची, आणि ज्याची सगळ्यात जड भरेल त्यानेच सगळ्यांच्या पाण्याची कॅनही उचलायची. काय हसायचो आम्ही! माझी बॅग नेहमी सगळ्यात हलकी. काटा जेमतेम हलायचा आणि मी मिशीला पीळ द्यायचो.

आता येतो मुद्द्यावर. येतो — जरा धीर धरा.

आमच्यात एक मेश्राम. जरीपटक्याच्या एका शाळेत भूगोल शिकवायचा, अजूनही शिकवतो. अंगाने भरलेला, बोलायला गोड, आणि मोरघारीच्या पिल्लासाठी वेडा. वर्षानुवर्षं तो काटक्यांचा ढीग खालून बघत आला होता. मी शिवलेलं खोगीर पाहून त्याचे डोळे असे चमकले, की मीच त्याला म्हटलं, तुझ्यासाठी एक शिवतो. आणि शिवलं. अरुंद. गादी नाही, अस्तर नाही. त्याच्या वजनाला ते कापणार हे मला कळत नव्हतं का? दिवसभर लोकांची वजनं बघून फोम कापणारा माणूस मी. कळत होतं. पण त्याला जाड शिवून दिलं असतं, तर माझा निकाल खोटा पडला असता.

आणि माझं स्वतःचं खोगीर? तेही अरुंदच होतं, सगळ्यांनी पाहिलेलं. फक्त त्याच्यासोबत एक गादी होती. चांगल्या फोमची, दुपदरी, दुकानातली. ती बॅगेत नसायची. ती माझ्या पोटाला गुंडाळलेली असायची — स्वेटरच्या आत. काटा बॅगेचं वजन करतो, माणसाचं नाही. हिवाळ्यात माझं पोट सुटतं म्हणून मित्र चिडवायचे आणि मीही पोटावर हात फिरवून हसायचो. वर फांद्यांच्या आडोशाला गेलो की गादी काढून पट्ट्याखाली सरकवायची, आणि मग बसा निवांत. उतरताना पुन्हा पोटाला.

ऐकायला गंमतच वाटते. मलाही वाटायची.

त्या रविवारी मेश्राम पहिल्यांदा वर बसला. मी शेजारच्या झाडावर, माझ्या गादीवर. थोड्या वेळाने तो अस्वस्थ हालचाल करायला लागला. मग हाक आली, "दिलीप, माह्या पायाले मुंग्या येऊन राहिल्या गा. पाय सुन्न पडले." माझ्याखाली गादी होती. ती मी दोराने त्याच्याकडे पाठवू शकलो असतो. निदान लगेच उतर म्हणून सांगू शकलो असतो. मी म्हणालो, सवय होईल, दम धर. तो बिचारा दम धरत राहिला. पिल्लाने काटक्यांतून मान काढायच्या आधीच त्याला उतरावं लागलं, आणि उतरताना खोडाला बांधलेल्या शिडीच्या शेवटच्या पायरीवर पाय ठेवला तो त्याला कळलाच नाही. पडला. उंची फार नव्हती, पण घोट्याला प्लास्टर बसलं.

सगळे धावले. मीही उतरलो — आधी गादी स्वेटरखाली घालून मग. हे लिहिताना मला माझी लाज वाटते. मित्र खाली कण्हतोय आणि मी वर बटणं लावतोय! आणि वर सगळ्यांसमोर म्हणालो काय? "ज्याले आराम पाहिजे त्यानं घरी सोफ्यावर बसावं." सगळे हसले. मेश्रामही हसला, पण उशिरा.

घोटा बरा झाला. मेश्राम झाला नाही. आपले पायच अधू आहेत, नसांत काहीतरी दोष आहे, हे त्याच्या मनाने घेतलं. दिलीप तेवढ्याच पट्ट्यावर अर्धा दिवस बसतो आणि आपल्याला घडीभर जमत नाही — मग दुसरं काय समजणार तो? डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं, तर त्याने डॉक्टर बदलला. शेतावर यायचं सोडलं. शाळेत खालच्या मजल्यावरचे वर्ग मागून घेतले. रस्त्यात भेटला की पायांबद्दल बोलायचा आणि मी — ऐका — मी त्याला तिळाच्या तेलाने मालिश करायला सांगायचो. एकदा तेलाची बाटलीही नेऊन दिली. वर्षं गेली अशी. दर वर्षी वाटायचं, आता सांगून काय उपयोग? आणि दर वर्षी ते सांगणं आणखी अवघड व्हायचं.

यंदा थंडी पडायच्या सुमारास तो दुकानात आला, खुर्चीची गादी शिवायला टाकायला. फोमच्या थप्पीवर बसला आणि सहज म्हणाला, घर बदलतोय. त्याचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, वर गच्ची. गच्चीवर त्याने पाखरांसाठी पाणी ठेवलेलं, तीस-चाळीस कुंड्या, पहाटेचा त्याचा तिथला चहा. ते सोडून तळमजल्याचं घर बघतोय म्हणाला. "पायऱ्या चढाची भीती वाटते गा. या पायांचा काय भरवसा?"

मी टेपने त्याच्या खुर्चीचं माप घेत होतो. टेप माझ्या हातातून सुटला.

तेव्हा तरी सांगायचं ना? नाही सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, असं स्वतःला समजावलं. पण त्या आठवड्यात मी एक खोगीर शिवलं. रुंद, पाठीपर्यंत येणारं, मांड्यांखाली जाड फोम, कडांना मऊ पट्टी. आयुष्यात मी इतक्या काळजीने काही शिवलं नसेल. मग त्याच्या घरी जाऊन, हातापाया पडून म्हणा हवं तर, त्याला एका रविवारी शेतावर घेऊन गेलो. आम्ही दोघंच. ताणकाट्यावर त्याची बॅग एवढी जड भरली की तोच लाजला, आणि सवयीने त्याने पाण्याची कॅन उचलली. मी ती त्याच्या हातातून घेतली.

मी त्याला वर बसवलं, दोर दोनदा तपासला आणि खाली थांबलो. मेश्राम बसला. ऊन नाल्यात उतरलं, तरी बसलाच होता. मी मान वर करकरून बघत होतो, माझीच मान दुखायला लागली. मग वरून दबका, कापरा आवाज आला, "पिल्लू हाये गा! पांढरंशुभ्र! माह्याकडंच पाहून राहिलं!" मी खाली अर्जुनाच्या मुळांवर बसून रडलो. आनंदानेच रडलो, खोटं कशाला सांगू.

तो उतरला. शेवटच्या पायरीवर पाय नीट पडला. दोन पावलं चालला, पुन्हा दोन, मग जागच्या जागी उड्याच मारायला लागला, वर्गातल्या पोरासारख्या. म्हणाला, "तुह्या तेलानं गुण आला."

तेलानं! त्यावर गप्प बसणं मला जमलं नाही. मी स्वेटर वर केला. सवयीने घातलेली ती जुनी गादी पोटावरून सोडली आणि त्याच्या हातात दिली. सगळं सांगितलं. ती कुठे असायची, कधी काढायचो, त्या दिवशीही होती, आणि त्याचं खोगीर मी जाणूनबुजून अरुंद शिवलं होतं.

त्याने गादी उलटीपालटी केली. बोटाने दाबून पाहिली. मला वाटलं, आता मारेल. मारावं असंही वाटलं. पण तो माझ्याकडे बघतही नव्हता, स्वतःच्या पायांकडे बघत होता.

"म्हणजे," तो हळूच म्हणाला, "माहे पाय चांगले होते?"

"हो. चांगलेच होते."

परत येताना तो गाडीत मागे बसला, गादी मांडीवर घेऊन. जरीपटक्यात त्याच्या घराखाली गाडी थांबवली तेव्हा संध्याकाळचा बाजार भरात होता. तो उतरला. निरोप घेतला नाही, वळून बघितलंही नाही. ती गादी काखेत मारून बाहेरच्या जिन्यापाशी गेला आणि क्षणभर थांबला. मग चढायला लागला — कठड्याला हात न लावता, सावकाश, मग जरा भराभर. पहिला मजला. दुसरा. मी गाडीतून बघत होतो. तो घरात शिरेल असं वाटलं होतं, पण त्याची पावलं पुढे पडत राहिली, गच्चीपर्यंत.