दादाची बाजू

चुलतभाऊ अविनाशदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गंगापूर रोडला मेथी घेत होतो. फोन ठेवला आणि दुसरी जुडीही नीट उलटसुलट बघून घेतली. त्याला महिना होऊन गेला, पण मला वाईट वाटलं असं आजही म्हणवत नाही. शोकसभेत लोक त्याला खिलाडू वृत्तीचा म्हणाले... मी खाली बघत बसलो.

काकांनी आखातातून त्याला इलेक्ट्रॉनिक फुटबॉल आणला होता. ताटाएवढी, सेलवर चालणारी पेटी. काळ्या काचेखाली खेळाडू म्हणून लाल दिवे पळायचे आणि समोरासमोर बसलेल्या दोघांनी आपापली बटणं दाबायची. एका बाजूचं बटण अडकायचं. त्या बाजूला दादा आयुष्यात कधी बसला नाही. सुट्टीत आम्ही भावंडं नामपूरहून नाशिकला यायचो, हरायचो आणि तो शेजारपाजारी ऐकू जाईल अशा आवाजात गोल मोजायचा. पोरवयात हे चालून जातं. पण हा माणूस बँकेत अधिकारी झाला, तरी जेवायला आलेल्या पाहुण्यांना, स्वतःच्या जावयालासुद्धा, त्याच बटणापुढे बसवून हरवायचा. दुरुस्त करून आणतो म्हटलं, तर म्हणाला, जुन्या वस्तूला हात लावू नये.

पुढे अर्धांगवायूने त्याचा डावा हात गेला. वाटलं, सुटलो आपण. पण तो रोज संध्याकाळी शैलावहिनीला समोर बसवू लागला. एका हाताने खेळायचा, तरी चांगली बाजू त्याचीच. एकदा माझ्यादेखत वहिनी चुकून जिंकली. त्याने पेटी सारली, मग जेवणाचं ताटही सारलं आणि भात वाळेपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसला. निघताना मी वहिनीला विचारलं, याचे एवढे लाड कशाला?

"हरले की जेवत नाहीत," ती म्हणाली. "जेवले नाहीत तर गोळी देता येत नाही. त्यापेक्षा मला हरणं सोपं पडतं."

आजारी माणसाची कीव यावी. मला आली नाही.

परवा वहिनीला भेटायला गेलो. पेटी आता भंगारात दे, असं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. पण चहा झाल्यावर तीच म्हणाली, एक डाव खेळू या. मी बसेपर्यंत ती दादाच्या खुर्चीत बसलीही होती. मी हरलो, परत हरलो, ती अजिबात सोडेना... शेवटी विचारलं, आता बाजू बदलायची का?

"ही बाजू ह्यांची आहे," ती शांतपणे म्हणाली आणि पुन्हा बटणावर बोट ठेवलं.