अर्ध्या उपदेशाची खुर्ची

आमचा दादा सोफे दुरुस्त करतो, असं लोक म्हणतात. मी त्याची सख्खी बहीण, त्याच दुकानात कव्हरं शिवते, म्हणून खरं सांगते: दादा सोफे ठेवून घेतो. दुरुस्ती हा पुढचा भाग, आणि तो यायला वेळ लागतो. विचारलं की "उद्या न्या", उद्या आलं की "परवा नक्की", आणि परवा गिऱ्हाईक दिसलं की हा मागच्या दाराने फोम आणायला पसार. हात मात्र असा, की त्याने बसवलेली स्प्रिंग जन्मात कुरकुरत नाही. म्हणून लोक शिव्या घालतात आणि परत येतात.

नाताळच्या आधी आगमनकाळाचे चार रविवार असतात. दर रविवारी चर्चमध्ये एक मेणबत्ती वाढते आणि आम्ही प्रभूच्या येण्याची वाट पाहतो. यंदा पहिल्याच रविवारी पाळकसाहेब म्हणाले, "वाट पाहणं ही कृपा आहे. आपण ते विसरत चाललो आहोत." दादा ताडकन सरळ बसला. आयुष्यात प्रथमच कोणीतरी त्याच्या बाजूने बोललं होतं. त्या समाधानात त्याला जी डुलकी लागली, ती थेट शेवटच्या गीतालाच मोडली.

दुसऱ्या दिवशी दुकानात चार मेणबत्त्या हजर. गिऱ्हाईक आलं की दादा डोळे अर्धवट मिटून म्हणायचा, "तुमचा सोफा ना? तिसऱ्या मेणबत्तीला." कोणी चिडलं तर, "ताई, मी तुमचं काम अडवत नाहीये, तुमचा आत्मा घडवतोय." एका ताईंनी त्याला उशी फेकून मारली. उशी आमचीच होती.

हे सगळं तो नर्सआजींच्या खुर्चीत बसून बोलायचा. नर्सआजी पलीकडच्या गल्लीत एकट्या राहतात. अर्ध्या वस्तीची बाळंतपणं त्यांच्या हातून झालेली, दादाही त्यांच्याच हातात जन्मला. त्यांच्या उंच पाठीच्या खुर्चीची एकच स्प्रिंग निसटली होती. कव्हर मी कधीच शिवून ठेवलं होतं, दादाचं तासाभराचं काम तेवढं भिजत पडलं होतं. टोचणारी जागा चुकवून तिरकं बसायची युक्ती त्याने शोधून काढली होती. त्यात कष्ट घ्यायला मात्र तो तयार.

"आजींकडून शिका जरा," तो सगळ्यांना सांगायचा. "एक फोन नाही, एक तक्रार नाही!"

"अरे, मग त्यांची खुर्ची दे ना आधी," मी कात्री आपटून म्हणायची.

"चौथ्या मेणबत्तीला."

तिसऱ्या रविवारनंतर खुद्द पाळकसाहेब दुकानात आले. त्यांचाही सोफा आमच्याकडेच अडकलेला. "अहो, घरी आलेल्यांना मी जमिनीवर बसवतोय," ते म्हणाले. दादाने त्यांना त्यांचाच उपदेश शब्दशः ऐकवला, हातवाऱ्यांसकट.

पाळकसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हा निम्मा झाला. उरलेल्याच्या वेळी तुम्ही घोरत होतात."

"उरलेल्यात काय होतं?"

"हेच, की आपण प्रभूची वाट पाहतो, तशी कोणीतरी गरजेपोटी आपली वाट पाहत असतं. आधी तिकडे जा."

दादा विचारात पडला. मला वाटलं, पेटली एकदाची ट्यूब. तर हा मेणबत्ती उचलून म्हणाला, "मग आजींकडेच जातो. इतकी सुंदर वाट पाहतायत, शाबासकी द्यायला हवी!" माझं डोकं फिरलं. मीही मागोमाग निघाले, वाटेत त्याला सुनवायला.

आजींचं दार लोटलेलंच होतं. भर दुपारी त्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या होत्या. समोर टेबलावर उशी, उशीवर कपाळ. झोपल्या होत्या. आतल्या खोलीतल्या पलंगावरची चादर सुरकुतलेलीसुद्धा नव्हती.

चाहूल लागून त्या उठल्या. "आडवं झालं की दम लागतो रे. खुर्चीतच झोपते मी, किती वर्षं झाली. ती तुझ्याकडे आहे ना."

दादाचा चेहरा खाडकन उतरला. "आजी, एकदा तरी विचारायचं!"

"तुला घाई करून उपयोग नसतो, हे मला तुझ्या जन्मापासून ठाऊक आहे. दिवस उलटून गेले तरी तुझा पत्ता नाही. तुझ्या आईजवळ अशीच स्टुलावर बसून होते. पण आलास की नाही शेवटी?"

दादाने मेणबत्ती ओट्यावर ठेवली आणि जो पळत सुटला, तो दुकानातच थांबला. तिथेच थांबलेल्या पाळकसाहेबांनी खुर्ची धरून ठेवली, त्याने स्प्रिंग बसवली, मी कव्हर चढवलं. मग दादा खुर्ची डोक्यावर घेऊन भर रस्त्यातून धावला. वाट पाहून थकलेली गिऱ्हाइकं दारादारांत येऊन बघत राहिली. याआधी दादाला धावताना कोणी पाहिलंच नव्हतं.

खुर्चीत टेकल्या टेकल्या आजींचा डोळा लागला.

"चल आता," मी हळूच म्हटलं. "पाळकसाहेबांचा सोफा आहे."

"थांब. उठल्यावर विचारतो, टोचत नाही ना." तो त्यांच्या स्टुलावर बसला. बराच वेळ बसून राहिला. मग बाहीने डोळे पुसत म्हणाला, "फार कडक आहे गं हे स्टूल."