काचेखालचे तडे

माझी आत्या जन्मभर लोकांच्या हाडांचे फोटो काढत आली. दवाखान्यात तिला सगळे 'फोटोवाली बाई' म्हणायचे. दिवसभर 'श्वास धरा, हलू नका, सोडा' एवढंच बोलायला मिळायचं, म्हणून की काय, घरी आली की उरलेलं सगळं ती बोलून घ्यायची. पेशंटचे नातेवाईक 'फार काही नाही ना हो?' म्हणत मागे लागायचे, पण फोटोत जे दिसलं त्यात तिने धीर देण्यापुरतीही भेसळ कधी केली नाही. या एका गोष्टीसाठी मला तिचा फार अभिमान वाटतो. बाकी गोष्टींसाठी ती माझं डोकं खाते.

निवृत्त झाल्यावर तिने आपल्या वरच्या मजल्यावरच्या घराच्या गच्चीत सोलर पॅनल बसवून घेतली. दोन ओळी. एक पुढे, खाली, आणि दुसरी तिला लागून मागे, उंचावर. बसवणारा आमच्याच गल्लीतला. छोटं दुकान, एक शिडी आणि एक म्हातारी व्हॅन एवढाच त्याचा कारभार. त्याला सगळे सोलरवाला म्हणतात. जाताना त्याने आत्याच्या मोबाईलवर कुठलं पॅनल किती वीज देतंय ते वेगवेगळं दिसेल अशी सोय करून दिली. झालं! आत्याला नोकरी परत मिळाली.

"हे जुनं झालं की वीज कमी देणार का रे?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"देणार ना, काकू. ऊन खाऊन, तापून, गार होऊन दरवर्षी जराशी कमी. पण इतकी हळू, की तुम्हाला कळणारही नाही."

'कळणार नाही' हे वाक्य आत्यासमोर बोलायचं नसतं. दुसऱ्या दिवसापासून ती चहाच्या आधी मोबाईल बघायला लागली आणि चहानंतर पॅनल पुसायला. काचेला चरा पडू नये म्हणून जुन्या चादरीची जाड घडी घ्यायची, त्यावर गुडघे टेकायचे आणि खालची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख करायची. वरच्या ओळीपर्यंत तिचा हात पोचत नसे. तिथे धूळ साचायची, पाऊस येईल तेव्हा धुऊन निघायची.

आणि दोनेक वर्षांनी खालची ओळ घसरली. जराशी नव्हे, चांगलीच. वरची धुळीने माखलेली ओळ या लख्ख ओळीपेक्षा जास्त वीज देत होती. हे कोडं आत्याला सुटेना. सोलरवाल्याने येऊन जोडण्या तपासल्या, वायरी बदलल्या, शेजारच्या टाकीची सावली पडते का तेही दुपारभर उभं राहून पाहिलं. काही सापडलं नाही. मग आत्याने स्वतःच निदान केलं.

"वर चांगली लावलीस आणि खाली जुना माल. माझ्या माथी मारलास!" हे ती त्याला जिन्यात म्हणाली, आणि जिन्यात तेव्हा निम्मी इमारत होती.

तो लाल झाला. "काकू, सगळी एकाच खोक्यातून निघाली. तुमच्यासमोर."

तो एवढंच बोलला आणि गेला. पण बोलणं घरोघर पोचलं होतं. इमारतीच्या सामाईक गच्चीवर पॅनल बसवायचं काम त्यालाच द्यायचं जवळजवळ ठरलं होतं, ते सेक्रेटरींनी थांबवलं. रविवारच्या सभेत निर्णय होणार होता. हे काम गेलं तर दुकान बंद करून दुसऱ्याच्या हाताखाली जावं लागेल, असं त्याची बायको मला म्हणाली. मला वाईट वाटलं. पण आत्या म्हणते म्हणजे काहीतरी असेलच, असंही वाटत होतं.

आत्याला मात्र चैन पडेना. चोर सापडला होता, कोडं तसंच होतं. "जुना माल म्हणजे नेमकं काय जुनं? काच तर नवीन दिसते," असं ती मला येता-जाता विचारी. मी कॅमेरे दुरुस्त करते, मला काय ठाऊक! एक दिवस ती धापा टाकत माझ्या दुकानात आली.

"अगं, पॅनलला बाहेरून वीज दिली तर ते स्वतःच उजळतं! आपल्याला दिसत नाही असा उजेड. पण कॅमेऱ्याला दिसतो. तुझ्याकडे तो पोट फाडलेला कॅमेरा आहे ना?"

होता. अदृश्य उजेड अडवणारी काच काढून टाकलेला, एका गिऱ्हाइकाने मागे सोडलेला. वीज देणारं यंत्र आणायला तिने चक्क सोलरवाल्यालाच बोलावलं. मला वाटलं, तो फोन आपटेल. पण तो म्हणाला, "या कामाला मी एक पैसाही न घेता येईन."

शनिवारी भर दुपारी आम्ही आतल्या खोलीच्या खिडक्यांना रजया लावून काळोख केला. सोलरवाल्याने आणि मी खालच्या ओळीतलं एक पॅनल दारातून आडवं-तिडवं करत आत आणलं. दाराएवढं धूड ते, आमच्या नाकी नऊ आले. आणि आत्या म्हणते, "आता वरचंही एक आणा. मोडक्या हाताबरोबर धड हाताचाही फोटो काढावा लागतो, नाही तर तुलना कशाशी करणार?"

पहिल्यांदा वरचं पॅनल. सोलरवाल्याने वीज सोडली. डोळ्यांना काहीच दिसेना. मी अर्धा मिनिट कॅमेरा उघडा ठेवला आणि पडद्यावर पाहिलं, तर ते अख्खं पॅनल मंद उजळलेलं! चौकोनामागे चौकोन, सगळे सारखे. जन्मभर ऊन गिळणारी वस्तू परत उजेड देत होती. आम्ही तिघंही लहान मुलांसारखे हसलो. भांडण आहे हे क्षणभर विसरलोच.

मग खालचं. पडद्यावर चित्र आलं आणि आत्या पुढे सरसावली. "हे बघ! इथे काळं, इथे काळं. बाहेर सूज नाही आणि आत हाड मोडलंय. हा एक तडा, त्याला फुटलेले हे बारीक तडे. एवढ्या भागाची वीज बाहेर येणारच नाही. आणि हे रोज तापतं, गार होतं, तसा तडा आणखी वाढतो." तिला कोण आनंद झाला होता. "आता सांग, कारखान्यातूनच असं आलं होतं ना?"

सोलरवाला चित्राकडे पाहत होता, मग जमिनीकडे पाहायला लागला.

"बोल की!"

"काकू, ते जोडीजोडीने आहेत," तो हळूच म्हणाला.

खरंच. एक काळा डाग, त्याच्या बाजूला दुसरा. पुढे पुन्हा जोडी, पुन्हा जोडी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आत्याने चष्मा पुसला. चित्र मोठं करून पाहिलं. मग ती खाली त्या पॅनलशेजारी फरशीवर गुडघ्यांवर टेकली, जशी रोज सकाळी चादरीच्या घडीवर टेकायची तशी, आणि आपल्या दोन गुडघ्यांमधलं अंतर बघत राहिली. चादरीने काच वाचली होती. काचेखालच्या त्या कागदासारख्या पातळ चकत्यांवर मात्र रोज तिचं सगळं वजन पडत होतं.

मी म्हटलं, "आत्या, ऊठ. कुणाला काय कळणार होतं?"

ती उठली नाही. सोलरवाल्याने यंत्र बंद केलं, वायरी गुंडाळल्या, पॅनल एकट्याने भिंतीला टेकवलं. एकदाही 'बघा, मी म्हणत होतो ना' असं तो म्हणाला नाही. त्याच्या जागी मी असते तर जिन्यात उभी राहून ओरडले असते.

रविवारी सभेला सगळे जमले. सोलरवाला दाराशी खुर्ची घेऊन बसला होता. मला वाटलं, आत्या काहीतरी गोलगोल बोलून विषय मिटवेल. या वयात तेवढी सूट कुणीही दिली असती. तिने छापून आणलेला फोटो खिडकीच्या काचेवर धरला आणि दवाखान्यातल्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"खालच्या ओळीतलं पॅनल. माल नवा होता. आत जागोजागी तडे, बाहेर खूण नाही. कारण, वरून पडलेलं वजन. गुडघे माझे." मग ती दाराकडे वळली. "मी तुला चोर म्हटलं. चौघांत म्हटलं, म्हणून चौघांतच परत घेते. माझं चुकलं."

सोलरवाला उठून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते.

"काकू, माझंही चुकलं. पॅनलवर चढू नका, हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं का रे?"

"नाही!" अख्खी सभा एका सुरात म्हणाली.

हसू आवरेपर्यंत सेक्रेटरी थांबले आणि काम कुणाला द्यायचं ते विचारायला त्यांनी तोंड उघडलं. त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत आत्याचा हात वर गेला होता.