पाहुण्याची नोंद

या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आलो, हे आधीच कबूल करतो. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, चौदा वर्षं हेच करतोय. आमच्या धंद्यात "मला एकदा दिसलं बुवा" याला काडीची किंमत नाही. पायऱ्या लिही, पुन्हा करून दाखव, मग बोल. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांनाही मी हेच विचारायचो... आणि माझ्या बाबतीत जे झालं ते नेमकं पुन्हा पुन्हा झालं, दोन शहरांत झालं, वर लेखी तक्रारीसकट झालं. म्हणून तर डोकं जास्त फिरतं.

साल २०२१, मे ते जुलै. आमचं घर नीउ-व्हेनेप या डच गावात. बायको सायली संशोधक, तिची लॅब मास्ट्रिख्टच्या विद्यापीठात, तिथे तिची राहायला एक छोटी खोली. ऑफिसं बंद होती. आमच्या कंपनीने स्लोटरडाइकची जागा सोडून दिली आणि आम्हाला एका को-वर्किंगवाल्यांचा पास दिला. कुठल्याही शहरातल्या त्यांच्या जागेत जाऊन बसा. मग मी दोन आठवडे मास्ट्रिख्टला सायलीकडे आणि दोन आठवडे नीउ-व्हेनेपला, तिथून कामाला त्यांच्याच स्लोटरडाइकच्या जागेत, असा हिंडत होतो. मास्क लावून अडीच तास इंटरसिटीत बसायचं, मांडीवर लॅपटॉप, पाठीवरच्या बॅगेत डबा.

लोकांना वाटायचं, काय मजा आहे याची, फिरत फिरत काम करतोय. कसली मजा? जीव सगळा पुण्यात अडकलेला.

पुण्यात अण्णा एकटे. अण्णा म्हणजे माझे वडील, शाळेत पीटीचे मास्तर होते, वय तेव्हा शहात्तर. आई त्याच्या तीन वर्षं आधी गेली. लॉकडाऊनमध्ये स्वयंपाकाच्या बाई येईनाशा झाल्या आणि अण्णांनी जेवणच सोडल्यासारखं केलं. समोरच्या देवकाकू रोज डबा द्यायच्या, तो तसाच परत यायचा. मी रोज सकाळी फोन करायचो. "जेवलात का?" "जेवलो." धडधडीत खोटं. नऊ किलो वजन उतरलं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर ॲडमिट करावं लागेल, आणि त्या दिवसांत पुण्यात ॲडमिट झालेला माणूस घरी परतेलच याची खात्री नव्हती. मी जावं तर परतीची विमानं बंद, नोकरीवर आणि परमिटवर पाणी. अण्णांनीच बजावलं होतं, "इकडे फिरकू नकोस." त्यांचा राग यायचा, तसा स्वतःचाही यायचा.

अण्णांना भूक नव्हती असं नाही. त्यांना एकट्याने जेवता येत नाही. जन्मात कधी एकटे जेवले नाहीत, आई गेल्यावरही स्वयंपाकाच्या बाई समोर असायच्या. आमच्या घरी अण्णा ताटावर असताना दारात कोणीही आलं... गॅसवाला, मीटर वाचणारा, कोणीही, की ते म्हणणार, "या जेवायला." एकदा राँग नंबर आला तर त्यालाही म्हणाले होते. आता आपल्यात याचं उत्तर ठरलेलं असतं. "नको नको, चालू द्या." बोलावणं ही पद्धत आणि न येणं हीसुद्धा पद्धतच. हे लक्षात ठेवा, कारण माझी मुख्य तक्रार तीच आहे.

मास्ट्रिख्टची ती जागा स्टेशनजवळ, दुसऱ्या मजल्यावर. एक लांब लाकडी टेबल असलेलं किचन, एक सोडून एका खुर्चीवर पिवळी फुली चिकटवलेली. दुपारचे साडेबारा. बाकीची मंडळी आपापला पाव आणि चीज डेस्कवरच खायची, किचनमध्ये मी एकटा. डबा उघडला तेवढ्यात एक माणूस कॉफी घेऊन दारावरून गेला आणि इथल्या रिवाजाप्रमाणे "एट स्माकलिक" म्हणाला, म्हणजे चवीने जेवा. आणि माझ्या तोंडून आपोआप मराठीत मोठ्याने निघून गेलं, "या जेवायला."

तो गेला निघून. मला हसू आलं. मग अण्णांची आठवण आली आणि हसू ओसरलं.

दोन पोळ्या खाल्ल्या, तिसरीला हात घातला तर ती शेवटची. सायलीने चार दिल्या होत्या. संध्याकाळी मी विचारलं, "तीनच पोळ्या दिल्यास आज?"

"तीन कशी देईन मी? तीन कोणी देतं का?" ती म्हणाली. बाई पेशींवर संशोधन करते, पण डब्यात तीन पोळ्या घालणार नाही. "चार होत्या. तूच लॅपटॉपमध्ये डोकं घालून खाल्ली असशील."

पण मला गंमत म्हणून ते रोज म्हणायची सवयच लागली. डबा उघडला की "या जेवायला". आणि रोज एक पोळी आणि थोडी भाजी कमी. मी सायलीशी भांडलो, तिने मला डबा उघडून फोटो काढायला लावला. फोटोत चार पोळ्या होत्या.

आठव्या दिवशी फेम्के माझ्या डेस्कपाशी आली. फेम्के तिथली व्यवस्थापक, सहा फुटांच्या वर उंच, बोलणं सरळ तोंडावर. म्हणाली, "पाहुणा आणायला हरकत नाही, पण नोंद करायला हवी. शिवाय तुम्ही दोघं फार जवळ बसता. दीड मीटर."

"कोण दोघं?"

"तू आणि ते वयस्क गृहस्थ. तुझ्याबरोबर जेवतात ते."

मी म्हटलं, मी एकटाच जेवतो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की शाळेत कॉपी करताना पकडल्यासारखं वाटलं. माझा पाराच चढला. चौदा वर्षं लोकांच्या चुका काढतोय मी, आणि ही मला खोटारडा म्हणते?

बरं, ही एकटी असती तर सोडून दिलं असतं. पुढच्या आठवड्यात स्लोटरडाइकला गेलो. वेगळी इमारत, वेगळी माणसं, तिथे मला कोणी ओळखत नाही. साडेबाराला डबा उघडला, सवयीने म्हणालो. मागून रिसेप्शनवरचा माणूस आला आणि टेबलावर जेवायचा दुसरा काटा ठेवून गेला. समोरच्या जागेपाशी. मी त्याला थांबवून विचारलं, हा कशाला? म्हणाला, "त्यांच्याकडे नव्हता." आणि गेला. मला समोर काहीही दिसत नव्हतं. खुर्ची, भिंत, भिंतीवर हात धुण्याची सूचना. एवढंच.

परत मास्ट्रिख्टला आलो तेव्हा सायलीने वरणभात दिला होता. जेवून डबा धुवायला गेलो, वळलो तर फेम्के टेबलापाशी उभी. "तुझ्या पाहुण्याला सांग, भात टेबलावर सांडून जाऊ नका म्हणावं."

मी पाहिलं. माझ्या समोरच्या बाजूला, तिथे बसणाऱ्याच्या उजव्या हाताला, भाताची शितं होती. सांडलेली नव्हती. पाच शितं, एका ओळीत, नीट अंतर ठेवून.

चित्राहुती... ज्यांच्या घरी घालतात त्यांना सांगायला नको. जेवायच्या आधी ताटाभोवती पाणी फिरवून बाजूला थोडा भात ठेवतात. मी मुंज झाल्यावर वर्षभर केलं आणि सोडलं. अण्णा अजून घालतात.

मी तिथूनच पुण्याला फोन लावला. तिकडे चार वाजून गेले होते. अण्णा उचलेनात. पाच वेळा लावला, मग देवकाकूंना लावला. काकू जादा किल्लीने दार उघडून आत गेल्या, आणि ती दोन मिनिटं माझी कशी गेली ते मलाच माहीत. शेवटी अण्णांचा आवाज आला, झोपेतला. "अरे काय हे, जरा डोळा लागला होता. रोज लागतो या वेळेला."

"जेवलात का?"

"झालं की." आणि चक्क ढेकर दिली.

काकू नंतर हळूच म्हणाल्या, "डबा तसाच आहे रे मंदार. पण खरं सांगू का, आठ-पंधरा दिवसांत तब्येत बरी वाटतेय. चेहरा भरलाय." डॉक्टरांच्या काट्यावरही वजन दोन किलो वर.

मी सायलीला सगळं सांगितलं. ती हसली नाही, पण म्हणाली, "ताण आहे तुझ्यावर." याचा मला भयंकर संताप आला. ताण माझ्यावर, मग शितं फेम्केला कशी दिसतात? काटा तो माणूस का आणतो?

त्याच संध्याकाळी को-वर्किंगवाल्यांची ईमेल आली. नोंद न केलेल्या पाहुण्याला वारंवार आणल्याबद्दल ताकीद, पुन्हा घडल्यास पास बंद. मी चार परिच्छेदांचं उत्तर लिहिलं. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागितलं. किचनमध्ये प्रायव्हसीमुळे कॅमेरा नाही, असं दोन ओळींत कळवलं त्यांनी. मग माझंही टाळकं सटकलं. म्हटलं, ठीक आहे, नाही बोलावणार कोणाला. दुसऱ्या दिवसापासून डेस्कवर बसून, तोंड मिटून, दुसऱ्यांच्यासारखं मुकाट जेवलो. चारही पोळ्या मलाच मिळाल्या. दोन आठवडे असं केलं. कोणाची तक्रार नाही, कोणी काटा आणला नाही.

मग काकूंचा फोन. "मंदार, अण्णा पुन्हा उतरलेत. काल न्हाणीघरात तोल गेला. डॉक्टर म्हणाले, सोमवारी बेड बघू या."

मी फोन ठेवून सायलीला सांगितलं. तिने माझा रिकामा डबा पुढ्यात ठेवला. मग म्हणाली, "तू म्हण ना. काय जातंय?"

"पास जाईल. मग बसू कुठे?"

"मग नोंद कर," ती म्हणाली. "त्यांचं म्हणणं तेवढंच आहे ना? नोंद केली की पाहुणा चालतो."

मी तिच्यावर ओरडलो. काय नोंद करू, कोणाची करू, अक्कल आहे का वगैरे. आणि दुसऱ्या दिवशी साडेबाराला फेम्केसमोर उभा राहून फॉर्म भरला. पाहुण्याचं नाव लिहिलं. नातं, वडील. कुठून आले, पुणे. फेम्केने वाचलं आणि पेन खाली ठेवलं. "भारतातून? मग दहा दिवसांचं विलगीकरण झालंय का त्यांचं?"

आता याला काय म्हणावं? मी दात-ओठ खात म्हटलं, "दीड महिना झाला येतायत. तूच पाहिलंयस."

"हो, ते खरं," ती म्हणाली आणि सही केली. मग स्वतः किचनमध्ये येऊन समोरच्या खुर्चीवरची फुली काढली, खुर्ची मोजून दीड मीटर मागे सरकवली, रिकाम्या खुर्चीकडे बघून मान लववली, "एट स्माकलिक, मनेर," म्हणजे महाशय, असं म्हणाली आणि गेली.

मी डबा उघडला. वरणभात होता, वर तूप. झाकणात अर्धा काढून टेबलाच्या पलीकडे सरकवला. म्हणालो, "या जेवायला, अण्णा." एवढे दिवस गंमत म्हणून म्हणत होतो. त्या दिवशी विनवलं. मग मान खाली घालून जेवलो, वर पाहिलं नाही. कोणी जेवत असताना टक लावून पाहू नये, हे अण्णांनीच शिकवलंय.

झाकण रिकामं झालं होतं. मग रोज तसंच केलं. त्या सोमवारी बेड लागला नाही, पुढेही लागला नाही.

ऑक्टोबरात अखेर पुण्याला गेलो. अण्णा दारात उभे, पूर्वीसारखे ताठ. काकू म्हणाल्या, "कशावर जगले देव जाणे, माझ्या डब्यातले दोन घास खायचे फक्त." दुपारी आम्ही दोघं समोरासमोर जेवायला बसलो. मी ठरवूनच आलो होतो, सगळा जाब विचारणार होतो. म्हटलं, "अण्णा, उन्हाळ्यात काय खात होतात तुम्ही?"

"काय की. दुपारी डोळा लागायचा, उठलो की पोट भरलेलं असायचं. म्हातारपण, दुसरं काय."

त्यांनी पाणी फिरवलं, चित्राहुती घातल्या, जेवले. जेवण झाल्यावर शितं बोटाने एकेक उचलून ताटात टाकली आणि ओल्या हाताने जागा दोनदा पुसली. हे ते कधी करत नसत, आई पुसायची. मी बघतोय हे पाहून म्हणाले, "पुसून घेतलेलं बरं बाबा. ती उंच बाई रागावते."

"कोण उंच बाई?"

अण्णा थांबले. आठवत राहिले. मग म्हणाले, "कोण बरं... नाही आठवत. ताक घे तू."

मंडळी, मला याचं स्पष्टीकरण माहीत नाही. योगायोग, ताण, एकाकीपणा, जे काही तुम्ही खाली लिहिणार आहात ते सगळं मी स्वतःला सांगून झालंय. कृपा करून पुन्हा सांगू नका. त्यानंतर मी पुष्कळदा "या जेवायला" म्हणून पाहिलं. पोळ्या चारच्या चार राहतात. अण्णांकडे आता सकाळ-संध्याकाळ बाई येतात आणि त्यांच्याबरोबर जेवायला बसतात, अशी अटच घातलीय त्यांनी.

ती ताकीद आणि तिला जोडलेला तो पाहुण्याचा फॉर्म मात्र माझ्या नावावर अजून आहे. मधे फेम्केची ईमेल आली होती, कोरोनाचे नियम संपले, जुन्या तक्रारी फॉर्मसकट काढून टाकू का म्हणून. मी नको म्हणून कळवलं. अण्णांचं वय आता ऐंशीच्या घरात आहे, विमानाला घाबरतात, पासपोर्ट त्यांनी कधी काढलाच नाही. ते माझ्याकडे जेवायला आले होते असं लिहिलेला तेवढा एकच कागद जगात आहे.