जागेवर नसलेला पंचम

धाकटा भाऊ संगणकाच्या नोकरीवर अमेरिकेला गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षी त्याने ओळखीच्या कुणाच्या हातून मला युकुलेली पाठवली. चार नायलॉनच्या तारांचं, काखेत मावेल एवढं गिटारसारखं वाद्य. तेव्हा तंजावरच्या आमच्या गल्लीतली बरीच मुलं बाहेर चालली होती आणि मी तिशी ओलांडून एका शाळेत गणित शिकवत होते. सोबत पत्र होतं. आम्ही घरात मराठी बोलायचो, पण लिहायचो तमिळ लिपीत. 'अक्का, मी एक चाल बसवलीय. तीत एक कॉर्ड आहे, चार सूर एकदम छेडायचा, सी ऑगमेंटेड मेजर सेव्हन्थ. तेवढा शिकून ठेव. डिसेंबरात आलो की दोघं मिळून वाजवू.' खाली तारांच्या चार रेघा आणि दोन टिंबं.

दोनच बोटं लागत होती. चौथ्या तारेवर पहिल्या पडद्याला तर्जनी, पहिलीवर दुसऱ्या पडद्याला मधलं बोट, मधल्या दोन तारा मोकळ्या. पण तर्जनी शेजारच्या तारेला टेकायची आणि ती तार मुकी व्हायची. शाळेतून आले की मी मागच्या पडवीत बसायचे. दोन महिन्यांनी चारही तारा बोलल्या, तर तो आवाजच मला सोसेना.

अप्पांनी, आमच्या वडिलांनी, जन्मभर गाण्याच्या शिकवण्या केलेल्या. ते आतून म्हणाले, "पंचम जागेवर नाही. वर चढलाय."

"तो तसाच आहे, अप्पा. मुद्दाम चढवलेला."

"मुद्दाम कोण करतं असं?"

मलाही तो चुकलेलाच वाटत होता. तरी वाजवत राहिले, कारण त्याने शिक म्हटलं होतं.

मग चौथी तार तुटली. तंजावरात मिळेना. तिरुचीच्या दुकानदाराने वाद्याचं नावही ऐकलं नव्हतं. शेवटी कालव्यावर गळ टाकून बसणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून नायलॉनची दोरी मागून आणली आणि ताणून बांधली. ती सारखी उतरायची, मी सारखी चढवायचे.

डिसेंबरात भाऊ आला, बारा दिवसांसाठी. त्यातले पाच मद्रासमधेच गेले. घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी युकुलेली काढली आणि तो कॉर्ड वाजवला.

"अक्का, एक तार उतरलीय वाटतं," तो म्हणाला.

"तुझाच कॉर्ड आहे. पत्रातला."

तो जरा आठवत राहिला. "ते होय. ते मी कधीच सोडलं. तिथे वेळ कुठे असतो." मग अप्पांकडे वळून म्हणाला, तिकडेच घर घेतलंय, आता परत यायचं काही जमायचं नाही.

अप्पांनी मान हलवली. मी वाद्य पिशवीत घातलं आणि भांडी उचलायला आत गेले.

तो गेल्यावर अप्पांनी शिकवण्या बंद केल्या. मी कारण विचारलं.

"शिकतात आणि जातात," ते म्हणाले.

मी वह्या घेऊन तपासायला बसले.