पोळ्याला न शिवलेल्या झुली

दुष्काळ गावात सर्वांत आधी कोणाच्या घरात शिरतो? सातवीच्या वर्गाला मी हा प्रश्न घातला, तेव्हा त्याचे उत्तर मला ठाऊक आहे, अशी माझी खात्री होती.

पन्नासच्या दशकातील शेवटची वर्षे होती. शहाद्याजवळच्या एका गावात मी शिक्षक होतो. त्या वर्षी आषाढातच पाऊस तुटला. पाठ्यपुस्तकात दुष्काळावर एक परिच्छेद होता. तो वाचून दाखवण्याऐवजी मी सहा विद्यार्थ्यांना फळ्यापुढे ओळीने उभे केले. पहिला शेतकऱ्याचा मुलगा, त्यानंतर मजुराचा, लोहाराचा, तेल्याचा आणि मारवाडी दुकानदाराचा. सर्वांत शेवटी शिंप्याची मुलगी. पीक बुडते, मग मजुरी बुडते, मग बाजार बसतो, असा माझा क्रम होता आणि तो मी फळ्यावर लिहिला होता. मी एकेक महिना उच्चारणार आणि ज्याच्या घरचे काम त्या महिन्यात थांबले, त्याने खाली बसायचे.

मी ‘श्रावण’ म्हणालो आणि शेवटची मुलगी खाली बसली.

वर्ग हसला. मागून कोणी ओरडले, “थकी गयी वं! खाट आना इले!”

तुझी पाळी अजून आली नाही, असे मी तिला सांगितले. ती उठली नाही.

“गुरुजी, मन्हा बानं मशीन पोयालेच बंद पडनं.”

दरवर्षी पोळ्याआधी गावातील बैलांसाठी नव्या झुली तिच्या वडिलांकडे शिवायला येत. त्या वर्षी एकही आली नव्हती. शेतकऱ्याचा मुलगा अजून उभाच होता. त्याच्या शेतातली ज्वारी सुकत असली तरी आशा होती, आणि आशा असेपर्यंत शेतातले काम थांबत नाही. नवे कापड घेणे मात्र आभाळाकडे पाहूनच थांबते. माझा क्रम चुकला होता. मी फळा पुसला.

मग ती म्हणाली, दिवाळीनंतर त्यांचे घर सुरतेकडे जाणार आहे. म्हणजे तिची सातवीची फायनल बुडणार. वर्गात ती सर्वांत हुशार होती, आणि ती परीक्षा उत्तीर्ण झाल्यास तिला पुढे शिक्षिका होता आले असते. पाठ अर्ध्यावर सोडणे मला आवडत नसे, म्हणून मी उरलेला अर्धा प्रश्न विचारला: अशा वर्षी काम वाढते कोणाचे?

तापीकाठच्या एका गुजर शेतकऱ्याचा मुलगा उठला. त्यांच्या विहिरींना पाणी होते. गुरांच्या चाऱ्यासाठी कडब्याची बारीक कुट्टी करून ते कोरड्या गावांना गाड्या भरून पाठवत होते. पण पोती फाटकी, कुट्टी वाटेतच सांडायची आणि पोती सांधणारा कोणी मिळत नव्हता.

संध्याकाळी त्या दोघांना घेऊन मी शिंप्याच्या ओट्यावर गेलो. वडिलांनी सारे ऐकून घेतले आणि मान फिरवली.

“झुली शिवनारा मानूस शे मी. आते पोता शिवसू का?”

मुलीने कोपऱ्यातला दाभण आणून त्यांच्यापुढे ठेवला. “बा, बैल त नागडाच ऱ्हायनात. आते पोतासले सजाड!”

ते हसले नाहीत. पण दाभण मात्र त्यांनी बाजूला सारला नाही.

दुसऱ्या दिवशी पोत्यांची पहिली गाडी आली. तो संपूर्ण हिवाळा त्या ओट्यावर सुतळीचा वास होता. सवयीने त्यांनी काही पोत्यांच्या तोंडाशी झुलीसारखी नक्षीची शिवण घातली, तेव्हा गाडीवाले म्हणत, या पोत्यांना बैलांपुढे मिरवा. सुरतेला जाणे राहून गेले. मुलगी फायनलला बसली आणि पुढे ट्रेनिंग कॉलेजातही गेली.

त्यानंतर हा पाठ मी दरवर्षी दोन भागांत घेतला: काम कोणाचे थांबले आणि कोणाचे वाढले. माझा क्रम एकदा चुकला आहे, तेव्हा शिंप्यापासून सुरू होणारा हा क्रमही सर्वत्र खरा असेलच असे मी म्हणणार नाही. आपल्या गावात पाऊस लांबला, तर शेत पाहण्याआधी शिंप्याकडे जा, तो काय शिवत आहे ते पाहा आणि माझे म्हणणे स्वतः तपासा.