सीलबंद टाकीतलं डिझेल

ती घटना आठवली की आजही मी खुर्चीतून उठतो आणि घरात येरझारा घालायला लागतो. बायको आतूनच विचारते, "पुन्हा ते डिझेल का?" पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण माझी झोप उडवली ती एका जुन्या पिकअपच्या टाकीनं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा शिरूर तालुक्यात नेमणुकीला होतो. नावं कुणाचीच लिहीत नाही. फुलांची शेती करणारे एक बागायतदार होते, सारं गाव त्यांना आप्पा म्हणायचं, मीही तेच म्हणतो. एक दिवस हजेरी आटोपते न आटोपते तोच आप्पा ठाण्यात आले आणि तक्रारी अर्ज टेबलावर आपटून म्हणाले, "सायेब, माझा ड्रायव्हर डिझेल चोरतोय. गुन्हा नोंदवा आन् आत टाका."

आप्पांची पिकअप शेवंती-झेंडू घेऊन पुण्याला जायची, बाजार असला की दौंडलाही. गेली बरीच वर्षं एकच ड्रायव्हर. गावातल्या जुन्या मुसलमान घरातला, चाळिशीचा, कमी बोलणारा. दसऱ्याच्या आधी फुलांचा जोर वाढला तशी आप्पांनी रोज थोडं थोडं डिझेल भरायची पद्धत सोडून टाकी काठोकाठ भरायला सुरुवात केली, पंपावर सारखं थांबायला नको म्हणून. तेव्हापासून डिझेल घटायला लागलं. आप्पांनी टाकीच्या झाकणाला कुलूप घातलं, चावी स्वतःच्या कमरेला. तरी घटतंच. वर बाजारातले व्यापारी ओरडायला लागले की फुलांना डिझेलचा वास येतो. आप्पांनी हिशेब लावला: दुसरी चावी करून घेतलीय, आणि चोरलेलं डिझेल कॅनमध्ये भरून फुलांच्या खाली लपवून नेतोय. गाडी भरायच्या जागेवर, सगळ्या मजुरांसमोर त्यांनी ड्रायव्हरला चोर म्हटलं आणि गाडीची चावी काढून घेतली.

मी गुन्हा लगेच नोंदवला नाही. अर्ज चौकशीवर ठेवला. नाव तयार घेऊन आलेला फिर्यादी मला नेहमीच जरा बोचतो. पण त्याच दिवशी एका खबऱ्यानं बातमी आणली की ही पिकअप कुरकुंभच्या अलीकडे एका ढाब्याच्या मागं उभी असते. त्या रस्त्यावर टँकरमधून डिझेल काढून विकण्याचे प्रकार तेव्हा चालायचे. मला वाटलं, टोळीचा धागा हाती लागला.

ड्रायव्हरला चौकशीला बोलावलं. माझा अनुभव असा की चोर न विचारलेलं पण सांगतो. कुठे होतो, कोण सोबत होतं, आईचं आजारपण, सगळं येतं. हा गडी बाकड्यावर ताठ बसला होता आणि प्रत्येक प्रश्नाला मोजकंच उत्तर.

"डिझेल कुठं जातं?"

"ठावं न्हाई, साहेब."

"दुसरी चावी?"

"न्हाई."

"मग ढाब्यामागं काय करतोस?"

"तिथं नळ हाय. फुलांवरच्या गोणपाटांवर पाणी मारतो. न्हाई तर दौंडपत्तुर फुलं सुकत्यात."

हवालदाराला साध्या वेशात पाठवलं. ढाब्यामागं खरंच नळ होता, आणि मालकानं सांगितलं की बिचारा चहासुद्धा उभ्यानंच पितो. खबर तिथंच फुसकी ठरली.

आता मला चैन पडेना. जेवताना उठायचो, टपाल वाचताना तीच ओळ पुन्हा वाचायचो. अर्ज फेटाळावा तर आप्पा वरच्या साहेबांकडे जाणार. गुन्हा नोंदवावा तर या माणसाच्या हातात तालुक्यात कुणी गाडीची चावी देणार नाही. ड्रायव्हरचं पोट विश्वासावर चालतं. घरी म्हातारी आई, बायको, दोन मुली. जबाबावर सही करताना त्यानं मला एवढंच विचारलं, "साहेब, आज फुलं कोण घिऊन गेलं?" चोराला फुलांची काय पडलीय? त्या प्रश्नानं तर मी आणखीनच अस्वस्थ झालो.

शेवटी ठरवलं की माणसाला पुष्कळ विचारून झालं, आता टाकीला विचारू.

दोन पंच बोलावले. पंपावर टाकी काठोकाठ भरली, आप्पांनी स्वतः कुलूप लावलं. त्यावर कापड गुंडाळून सुतळी बांधली, लाख ओतून ठाण्याचा शिक्का मारला, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवली. मुद्देमाल सील करतात तस्सं. पंपावरचा माणूस हसत होता, हसू दिलं. गाडीत रोजच्यासारखी फुलं भरली. चालवायला आमच्या जीपचा चालक, शेजारी हवालदार. ड्रायव्हर मात्र दिवसभर ठाण्याच्या बाकड्यावर, ठाणे अंमलदाराच्या डोळ्यांसमोर.

गाडी परतली. सील जसंच्या तसं. पंचांसमोर ते तोडलं, कुलूप उघडलं आणि काठी आत सोडली. हवालदारानं पुण्याला जाऊन येण्याच्या खर्चाचा अंदाज धरला होता, त्याच्या कितीतरी खाली पातळी गेली होती.

आप्पा काठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी इंजिनच जास्त पीत असंल."

"इंजिन फुलांना वास लावत नाही, आप्पा," मी म्हणालो. "टाकी कुठंतरी गळतेय."

गाडीखाली वाकून पाहिलं. सगळंच ओलं. गोणपाटांचं पाणी रस्ताभर ठिबकत असायचं, त्यामुळे या गाडीखाली थेंब दिसला तरी आजवर कुणी मान वाकवली नव्हती. त्या पाण्यात डिझेल सुखानं लपलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कामं बाजूला ठेवली. हवालदारानं गाडीचा खालचा भाग धुऊन उन्हात वाळवला. ठाण्याच्या पाणी तापवायच्या बंबातली राख चाळून टाकी, पाइप, सांधे सगळ्यांवर भुरभुरली, म्हणजे ओल आली की राख काळी पडेल. टाकी पुन्हा भरली आणि रिकामी गाडी खराब रस्त्यानं हिंडवून आणली. मी फाटकापाशीच उभा होतो. खाली वाकलो तर राख कोरडी ठणठणीत.

माझा पारा चढला. हवालदारावर उगाच खेकसलो. तो बिचारा डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, रोज गाडी रिकामी कुठं असती?"

बरोबर होतं. घटना जशी घडते तशी घडवून पाहायची, हे आम्ही खुनाच्या तपासात करतो आणि इथं विसरलो होतो. मग टाकी पुन्हा काठोकाठ भरून गाडीत फुलांचे डाग, म्हणजे गठ्ठे, चढवले, पण गोणपाटं या वेळी कोरडी. वरून दोर टाकायची वेळ आली तेव्हा हवालदार पुढे झाला. आप्पांनी त्याला अडवलं. "व्हा बाजूला. माझ्या गाडीचा दोर मी दुसऱ्या कुणाला बांधू देत न्हाई." डिझेल भरतात त्या बाजूचा एक हूक कधीचा तुटलेला होता. म्हणून आप्पा तिथला दोर गाडीच्या खालच्या लोखंडी पट्ट्याखालून घ्यायचे, पाय रोवून ओढायचे आणि गाठ मारायचे. गाठ अशी की गाडी उलटली तरी सुटणार नाही. त्याचा त्यांना अभिमान होता.

गाडी फिरून आली. मी पाठीवर झोपून आत शिरलो. टाकीच्या तोंडापासून टाकीकडे जाणाऱ्या रबरी पाइपावर राख काळीभोर झाली होती, बरोबर आप्पांचा दोर जिथं काचत होता तिथं. दोरानं घासून घासून रबर वरच्या अंगाला चिरलं होतं. दोर ताणला की चीर उघडायची, सुटला की मिटायची. टाकी अर्धी असली तर तिथवर डिझेल पोचायचंच नाही. काठोकाठ भरली की प्रत्येक खड्ड्याला उसळून बाहेर, खाली रस्त्यावर आणि वर फुलांवर. आप्पा वाकून पाहत होते. दोर त्यांनीच सोडला.

दुरुस्ती तासाभराचीही नव्हती. नवा पाइप, तो आवळायच्या दोन पट्ट्या, एक हूक. पंचनामा झाला, अर्ज निकाली काढला. आप्पा ठाण्याच्या बाकड्यावर बसलेल्या ड्रायव्हरजवळ जाऊन हळूच म्हणाले, "चूक झाली बाबा." ड्रायव्हर उठून उभा राहिला. "आप्पा, इथं नगं. जिथं मला चोर म्हणालात, तिथं बोला."

आणि आप्पा बोलले, हे त्यांच्या बाजूनं लिहायलाच हवं. सकाळी गाडी भरताना मीही मुद्दाम गेलो होतो. सगळ्या मजुरांसमोर ते मोठ्यानं म्हणाले, "डिझेल ह्यानं न्हाई चोरलं. माझ्याच दोरानं पाइप कापला, आन् मी ह्याला बोल लावला." ड्रायव्हरनं मान हलवली, गाडीत बसला, फुलं पोचवून आला आणि गाडीची चावी आप्पांच्या हातात ठेवून घरी गेला. पुन्हा आला नाही.

काही दिवसांनी आप्पा ठाण्यात आले. या वेळी अर्ज नव्हता. "सायेब, तुमी सांगून बघा त्याला. तुमचं ऐकंल."

मी त्याच्या घरी गेलो. त्यानं चहा दिला, मुलींच्या शाळेबद्दल बोलला. कुरकुंभला एका कंपनीच्या बसवर त्याला काम मिळत होतं. मी म्हणालो, "अरे, आप्पांनी चारचौघांत चूक कबूल केली. आता काय राहिलं?"

त्यानं आपला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "साहेब, आप्पांवर राग न्हाई माझा. पर उद्या टाकी उघडताना मी बघणार, आप्पा बघत्यात का. आन् मला वाईट वाटू न्हाई म्हणून आप्पा दुसरीकडं बघणार. असं रोज कसं जमायचं?"

चहा संपवून मी उठलो आणि आप्पांना निरोप सांगितला. आप्पा ठाण्याच्या पायरीवर बसले आणि रडले.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी एक शिस्त पाळली. कुणी चोराचं नाव घेऊन आलं की माणसाला बोलावण्याआधी ती वस्तू, ती जागा स्वतः जाऊन पाहायची. हाताखालच्या लोकांनाही तीच सवय लावली. त्यामुळे बरीच निरपराध माणसं ठाण्याची पायरी चढण्यापासून वाचली, याचं समाधान आहे. पण मी जागेवर पोचायचो तोवर चोर म्हणून त्यांचं नाव घेतलं गेलेलं असायचं.